खार धुणारं पाणी

नोकरीच्या शेवटच्या वर्षी नववीला हृदयाचा धडा शिकवत होते. फळ्यावर चार कप्पे काढले, झडपा दाखवल्या, रक्त कुठून येतं आणि कुठं जातं ते बाणांनी सांगितलं आणि खडू ठेवून दिला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला.

"बाई, पण म्हणजे कशासारखं?"

"कशासारखं नाही," मी म्हटलं. "हृदय आहे ते. आकृती काढून घे."

मुलगी हिरमुसली. तिचं चुकलं नव्हतं. रोह्याच्या त्या शाळेत मला 'उदाहरणाच्या बाई' म्हणायचे. तिचे वडीलही माझ्याच हाताखालून गेलेले, त्यांनी तिला घरून सांगून पाठवलं असणार की हृदयाच्या झडपेला बाई खाडीच्या बांधातल्या उघाडीचं उदाहरण फार छान देतात. देत होते मी, वर्षानुवर्षं. नंतर बंद केलं. का बंद केलं हे शाळेत कुणाला सांगितलं नाही. विचारायचे तेव्हा "आता दमले" एवढंच म्हणायचे, आणि ते खोटंही नव्हतं. आता नोकरीही संपली, तर सांगून टाकते.

शास्त्र शिकवायचं म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टी शिकवायच्या. त्या दिसाव्यात म्हणून मी मुलांच्या घरातलं काहीतरी उचलायची आणि त्यांच्या पुढ्यात ठेवायची. वीज म्हणजे नळातलं पाणी, बटण म्हणजे तोटी. मुलांचे डोळे लगेच लकाकायचे आणि मला वाटायचं, झालं, शिकवून झालं. एकदा एका मुलाची आई पालकसभेला आली आणि म्हणाली, बाई, तुम्ही सांगितल्यापासून आम्ही घरातल्या रिकाम्या प्लगांच्या भोकांत कापडाचे बोळे घालून ठेवतो, उगाच वीज गळायला नको. मी शिक्षकांच्या खोलीत हे तिखटमीठ लावून सांगितलं. सगळे पोट धरून हसले, मीही हसले. हसायच्या ऐवजी तेव्हाच थोडा विचार केला असता तर बरं झालं असतं. त्या बाईनं काही वेडेपणा केला नव्हता. मी तिच्या मुलाच्या हाती पाणी दिलं होतं, आणि पाण्याचं जे करायचं असतं ते तिनं केलं होतं.

उदाहरणं द्यायची सवय मला कॉलेजात लागली नाही, ती घरची. माझे वडील शेतकरी. कासू स्टेशनात उतरून खाडीच्या अंगाला अर्धा-पाऊण तास चाललं की आमचं गाव. तिकडची शेती खाडीच्या भरतीच्या पाण्यापेक्षा खोल. मधे मातीचा बांध आहे म्हणून शेत आहे, नाहीतर सगळी खाडीच. बांधाला ठरावीक ठिकाणी वाट ठेवलेली असते आणि तिला लाकडी फळ्यांची झडप, तिला आम्ही उघाडी म्हणतो. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या रेट्यानं फळी आपोआप मिटते, खारं पाणी आत येत नाही. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. शिकलेल्या माणसाला हृदयाची झडप समजावून सांगायला यापेक्षा सोपं काही मिळणार नाही, आणि मी तर त्या उघाडीवर बसून पाय हलवत वाढलेली.

वडिलांचं सगळं बोलणं या पाण्यावर चालायचं. कुणी तावातावानं भांडायला आलं की ते आत निघून जायचे. आई म्हणायची, अहो, काहीतरी उत्तर द्या ना त्याला. ते म्हणायचे, "आता उधान हाय. सहा तास थांब, वसरंल." आणि खरंच सहा तासांनी, जेवून-बिवून, ते त्या माणसाच्या ओटीवर जाऊन बसायचे. आईचा या सहा तासांनी जीव जायचा. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, शेती नको म्हणून घरातून भांडून निघाला तेव्हाही ते असेच गप्प बसले. दादा नागोठण्याच्या कंपनीत चिकटला, शिफ्टमधे काम करायला लागला आणि वर्षाच्या आत स्वतःच्या पायांनी घरी परतला. घरात राहून कंपनीत जायला लागला. वडील त्याला एक शब्द बोलले नाहीत. मला पुष्कळ दिवस वाटायचं, ही त्यांची बोलायची लकब आहे. ती लकब नव्हती. ते तसंच बघत आणि तसंच वागत. भरतीच्या वेळी फळी उघडायला जाणाऱ्याला गावात कुणी शहाणा म्हणत नाही, आणि रागावलेल्या माणसाशी बोलायला जाणारा त्यांच्या लेखी त्यातलाच होता.

मी चौथी-पाचवीत असताना एका उधाणाला बांध फुटला. आम्ही त्याला खांड गेली म्हणतो. खाडीचं पाणी आमच्या आणि शेजारच्या शेतांत शिरलं, चार दिवस राहिलं. घरटी एक माणूस निघून बांध पुन्हा घातला, पण जमिनीत खार बसला तो बसलाच. पुढच्या वर्षी रोप वीतभर वाढून पिवळं पडलं. मग वडिलांनी शेत धुवायला घेतलं. पावसाचं पाणी बांध घालून शेतात भरायचं, चांगलं आठ-दहा दिवस ठरू द्यायचं, म्हणजे खार त्यात उतरतो. मग ओहोटी बघून ते सगळं सोडून द्यायचं आणि पुन्हा नवं भरायचं. घाई करून चालत नाही. पाणी ठरलंच नाही तर खार सुटत नाही. असे तीन पावसाळे त्यांनी काढले. मधूनमधून मातीची चिमूट जिभेवर ठेवायचे आणि थुंकून म्हणायचे, हाय अजून. चौथ्या वर्षी भात आलं. आयुष्यात त्यांनी एकाच गोष्टीची बढाई मारली असेल तर ती या शेताची.

त्यांना बरं नाहीसं झालं ते आई गेल्यानंतर सहा वर्षांनी, भातं झोडून झाल्यावर. आधी पाय सुजले, मग चालताना दम लागायला लागला, मग आडवं पडवेना. दादाची शिफ्ट, वहिनीच्या मागे घरचं आणि वालाच्या शेताचं. त्यामुळे पेणच्या डॉक्टरकडे त्यांना मी घेऊन गेले. डॉक्टर तरुण होता, बाहेर बाकावर माणसं दाटीवाटीनं बसलेली. त्यानं तपासलं, कागद काढले आणि वडिलांकडे न बघता माझ्याशी बोलायला लागला. हृदय कमजोर झालंय, रक्त पुढं ढकलायला कमी पडतंय, म्हणून अंगात पाणी साठतंय. मीठ पूर्ण बंद. पाणी दिवसाला एक लिटरच्या वर नको. सकाळची पांढरी गोळी लघवी होण्यासाठी आहे, ती चुकवायची नाही. "तुम्ही शिक्षिका आहात ना? मग समजावा त्यांना नीट," असं म्हणून त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.

एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो तेव्हा मी समजवायला घेतलं. तिथंच पहिली ठेच लागली. वडील मिठाला हात लावू देईनात.

"मीठ नाय तर जेवन कसलं? मग आंबाडीच्या भाजीत काय घालायचं, साखर?"

"सुकटसुद्धा नाही, बाबा. गडबच्या नाक्यावरून आणता ती बंद."

"त्या पोराला काय कळतंय. त्याच्या बापाला मीठ बंद कर म्हनावं."

अर्धा तास मी नाना परीनं सांगितलं. रक्त, दाब, सूज. ते दुसरीकडे बघत होते. मला शाळेचा खाडा पडला होता, घरी रोह्याला माझ्या मुलीची चाचणी परीक्षा चालू होती, गाडीचा पत्ता नव्हता. आणि तेवढ्यात मला सुचलं. इतकं चपखल सुचलं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

"बाबा," मी म्हटलं, "तुमच्या अंगात खार शिरलाय. खांड गेल्यावर आपल्या शेताचं झालं होतं ना, तसं. आता वरून आणखी मीठ घालून कसं चालेल?"

ते वळून माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांनी पायाच्या सुजेवर बोट दाबलं आणि तिथं पडलेला खळगा बराच वेळ बघितला.

"असं व्हय," ते म्हणाले. "असं सांग ना मग."

त्या रात्रीपासून त्यांनी मीठ सोडलं. वहिनीनं बिरड्यात चुकून टाकलं तर ताट परत केलं. पाण्याचंही मी सांगितलं होतं, सांगितलं नाही असं नाही. गाडीत चढताना म्हटलं होतं, "आणि पाणी बेतानं प्या, आणि सकाळची गोळी चुकवू नका." त्यांनी मान हलवली होती. एवढंच. मिठासाठी मी त्यांना अख्खं शेत दिलं आणि पाण्यासाठी एक वाक्य. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी हे सगळं सांगितलं, आणि सगळे म्हणाले, वा, याला म्हणतात शिकवणं.

सतरा दिवसांनी शाळेच्या फोनवर दादाचा फोन आला. बाबांचं जास्त झालंय, निघून ये. मी तास सोडून निघाले, मिळाली ती गाडी घेतली, कासूला उतरून जवळजवळ धावत गेले.

ते ओटीवर खांबाला टेकून बसले होते. बोलायला दोन-दोन शब्दांवर थांबावं लागत होतं. पाय मांड्यांपर्यंत सुजून तकतकीत झाले होते. शेजारी पाण्याची कळशी झाकून ठेवलेली, त्यावर तांब्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. चांगलं काम करून दाखवायला निघालेल्या माणसाचा चेहरा होता तो.

वहिनी आतून आली. तिचा पारा चढला होता, पण माझ्यावर चिडावं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं.

"वन्सं, तुम्हीच सांगितलंत म्हनतात. विहिरीचं गोडं पानी, तासाला तांब्या. मी कळशी उचलून नेली तर सोता उठून आनाया लागले. आनि लघवीला जात नाय. धरून बसतात."

"धरून?"

"त्यांनाच विचारा."

मी विचारलं. त्यांनी दम घेत घेत मला समजावून सांगितलं, जसं मी वर्गाला सांगते तसं, सावकाश, कळेल असं.

"खार धुतोय गो. पानी भरायचं... ठरू द्यायचं... मग सोडायचं. लगेच सोडलं तर खार सुटंल का?"

"आणि गोळी? सकाळची पांढरी?"

"ती नाय घेत. ती पानी ठरूच देत नाय." मग मला धीर द्यावा तसं म्हणाले, "तीन पावसाचं काम हाय. जरा दम काढ. पैल्या पावसाला भात पिवळंच पडतं."

मी तिथंच पायरीवर बसले. रडू आलं नाही. त्यांच्या सांगण्यात कुठंही खोट नव्हती. सुजलेले पाय, वाढलेला दम, सगळं त्यांनी त्या हिशेबात बसवलं होतं: पहिल्या पावसाला पिवळंच पडतं. मी त्यांना मीठ सोडायला लावण्यापुरतं शेत दाखवलं आणि निघून आले. ते मात्र त्या शेतात उतरले, आणि खारावलेल्या शेतात शहाणा शेतकरी जे जे करतो ते सगळं त्यांनी नेटानं केलं. आणि हे सगळं त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून केलं, कारण त्यांच्या शिकलेल्या मुलीनं पहिल्यांदाच त्यांना कळेल असं काहीतरी सांगितलं होतं.

पेणला दवाखान्यात आठ दिवस काढले. इंजेक्शनांनी पाणी उतरलं, पण हृदय आणखी थकलं. डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. त्यानं विचारलं, एवढं पाणी त्यांना प्यायला सांगितलं कुणी? मी खरं ते सांगितलं. त्यानं मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं. त्यानं झापलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मग म्हणाला, आता हातात फार काही नाही. गोळ्या आणि पाणी मोजून, तेवढे दिवस बरे जातील.

या वेळी मी ठरवलं होतं, साधं सांगायचं. घरी आणल्यावर त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, दिवसाला हे एवढंच पाणी, हा तांब्या आणि हे फुलपात्र, बस. जास्त प्यायलात तर दम लागेल.

"बरं," ते म्हणाले. आणि दुपारी वहिनीनं त्यांना माठाशी पकडलं.

दुसऱ्या दिवशी तेच. मी ओरडले. माझ्या वडिलांवर मी आयुष्यात तेव्हा एकदाच ओरडले. ते गप्प राहिले. बहुतेक माझं उधाण ओसरायची वाट बघत होते. संध्याकाळी म्हणाले,

"तू बोलतीस ते आयकू येतंय. पन मग तो खार कसा जायाचा?"

खार अजून त्यांच्या अंगातच होता. माझ्याच शब्दांनी मी तो तिथं भरला होता आणि नुसतं "नको" म्हणून तो निघणार नव्हता. मला काही म्हणजे काही सुचवायचं नव्हतं. एकदा हात पोळल्यावर पुन्हा चुलीत हात घालायची धास्ती वाटते, तशी धास्ती वाटत होती. पण ते वाट बघत होते.

"बाबा, मी चुकीचं सांगितलं," मी म्हटलं. "खार नाहीये. उघाडी बिघडलीय."

"कंची?"

"छातीतली. हृदयाला फळ्या असतात, आपल्या उघाडीसारख्या. त्या नीट चालत नाहीत. आत आलेलं पाणी बाहेर पडत नाही. आत तुंबतंय."

ते ओटीवरून समोर बघत राहिले. तिथून बांध दिसतो, आणि बांधावरची उघाडीही. मी त्यांचा विचार चालताना बघत होते, एकेक पाऊल. आधी त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"मग गोडं काय न् खारं काय. भात कुजनारच."

"हो."

"मंजे आत पानी सोडायचंच नाय."

"बेतापुरतं. बस."

त्यांनी शेजारचा तांब्या उचलून माझ्या हातात दिला. माझं काम झालं होतं. मी तिथंच उठायला हवं होतं, पण मला ठाऊक होतं की ते इथं थांबणार नाहीत, आणि मी उठू शकले नाही.

"फळी बदलता येती का?" त्यांनी विचारलं. "सडली की आपन बदलतो."

मोठ्या शहरात काही झडपा बदलतात हे मला माहीत होतं, आणि यांच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही हे डॉक्टरनं सांगितलेलंही माहीत होतं. मूळ ताकदच गेली होती. मी मान हलवून नाही म्हटलं.

"निस्ती फळीच सडलीय, का बाजूची माती बी ढासळलीय?"

"माती पण."

"व्हय," ते म्हणाले. मग बांधावरून नजर काढून म्हणाले, "कळलं."

मरण जवळ आलंय हे त्यांना कुणी सांगावं, यावर दादाची आणि माझी दवाखान्याच्या बाकावर तासभर चर्चा झाली होती. ते सांगायचं धाडस दोघांनाही नव्हतं. आणि आता ते सांगून झालं होतं, तो शब्द एकदाही न उच्चारता. मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःचा राग आला. साधं सरळ, मुलीनं बापाला सांगावं तसं, हात हातात घेऊन मी ते सांगू शकले असते. मी उघाडीच्या मागे लपले.

त्यानंतर ते पाच महिने जगले. त्यांच्यावर कुणाला लक्ष ठेवावं लागलं नाही. सकाळी वहिनी तांब्या आणि फुलपात्र भरून ठेवायची. ते दिवसभर पुरवायचे, संध्याकाळी तळाशी घोटभर उरलेलं असायचं. जीभ कोरडी पडायची, ओठांना भेगा पडल्या, पण पाणी म्हणून शब्द काढला नाही. गोळी स्वतः मागून घ्यायचे. दादाला एकेक करून शेताचे कानेकोपरे सांगून टाकले: कुठं बांध दबतो, कुठं खेकडे भोकं पाडतात, कुठल्या उघाडीवर कुठल्या तिथीला जाऊन बघायचं. दादा कंपनीतून दमून यायचा आणि ओटीवर बसून मुकाट्यानं ऐकायचा. मी दर शनिवारी रोह्याहून जायची आणि रविवारी संध्याकाळी परतायची. डॉक्टर म्हणाला, असा शिस्तीचा पेशंट बघितला नाही. मला ते ऐकून आनंद व्हायचा. आता वाटतं, मी त्यांना आणखी एक काम दिलं होतं आणि ते राबत होते.

वैशाख आला. गावानं बांधाची डागडुजी काढली, घरटी एक माणूस. दादानं रजा टाकली आणि टोपली-फावडं घेऊन गेला. शाळेला सुट्टी लागल्यामुळे मी तिथंच होते. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं, गावात पुरुषमाणूस म्हणून नव्हता. वहिनी मागच्या दारी वाल निवडत होती. वडील ओटीवर उशांना टेकून होते. गेले तीन-चार दिवस ते फार बोलत नव्हते. दुपारी बारालाच त्यांचा तांब्या संपला होता, असं पहिल्यांदाच झालं होतं. मी ते पाहिलं होतं आणि काही म्हटलं नव्हतं.

त्यांनी डोळे उघडले. म्हणाले,

"बाये, तान लागलीय."

मी पंख्यानं वारा घालत होते. हात थांबला. पाच महिन्यांत त्यांनी हे वाक्य उच्चारलं नव्हतं. आणि मी काय केलं असेल? मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि मला येतं तेच केलं.

"बाबा, उघाडी..." मी म्हटलं.

त्यांनी हात जरासा वर उचलला. वर्गात बोलणाऱ्या मुलाला मी थांबवते तसा.

"शेताला नाय गो लागली," ते म्हणाले. "मला लागलीय."

मी उठले. माठाला हात लावला नाही, विहिरीवर गेले आणि ताजं पाणी शेंदलं. तांब्या काठोकाठ भरून आणला. वहिनी दारात येऊन उभी राहिली, तांब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून तशीच उभी राहिली. त्यांच्या मानेखाली हात घालून मी तांब्या ओठांशी धरला. ते घटाघट प्यायले. मधे थांबून दम घेतला, पुन्हा प्यायले. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं, सदरा भिजला. तांब्या रिकामा झाल्यावर त्यांनी डोळे मिटून म्हटलं, "बरं वाटलं."

तिसऱ्या दिवशी ते गेले. त्या तांब्यानं गेले की जायचेच होते, हे मी डॉक्टरला विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही.